पैसे देण्याआधी एकाला तरी सांगा



कापूस विकला गेला, केळीचे पैसे हाती आले, की त्यातली थोडी रक्कम घरातल्या थोरल्या माणसाच्या नावावर टाकायची, ही आपल्या खानदेशातली जुनी रीत. दुखण्याखुपण्याला असावी, नातीच्या लग्नात हात आखडू नये, उतारवयात कुणाच्या तोंडाकडे पाहायची वेळ येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. आज बोलायचं आहे ते या पैशाबद्दल. रावेर-यावलपासून साक्री-शिरपूरपर्यंत या पैशावर डोळा असलेली माणसं आज फोनवर भेटतात, बसस्थानकावर भेटतात, कधी तर थेट ओट्यावर येऊन बसतात.

म्हाताऱ्या माणसांचा पैसा बुडणं आपल्याला नवीन नाही. भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'बीएचआर', जळगावातच मुख्य कार्यालय असलेली. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही तिच्या शाखा होत्या. बँकेपेक्षा व्याज जास्त, ओळखीचा माणूस काउंटरवर, म्हणून पेन्शनीचे, फंडाचे, शेत विकल्याचे पैसे लोकांनी विश्वासानं तिथे ठेवले. २०१४ च्या सुमारास ठेवी परत मिळेनाशा झाल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये संस्थापकासह संचालकांना अटक झाली आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक, म्हणजे संस्थेचा कारभार गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला. पुढचा भाग जास्त शिकण्यासारखा आहे. ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. दवाखान्याचं बिल थांबत नाही, लग्न थांबत नाही. अशा गरजू माणसाला गाठून त्याची ठेवपावती तीस-चाळीस टक्क्यांत घ्यायची आणि ती संस्थेच्या कर्जदाराच्या कर्जखात्यात पूर्ण किमतीला वळती करायची, असा आरोप झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जळगावात येऊन छापे घातले. २०२१ मध्ये खुद्द अवसायकालाही अटक झाली.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी बँक असो, खाजगी असो की सहकारी, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पाटीवर 'मल्टिस्टेट' लिहिलं म्हणून ती बँक होत नाही. सगळ्याच पतसंस्था वाईट, असं मी म्हणत नाही. अनेक गावांचा संसार त्यांच्या आधारावर चालतो. पण आयुष्यभराची सगळी पुंजी एकाच ठिकाणी, आणि तीही दोन टक्के जास्तीच्या व्याजासाठी, ठेवू नये.

आता आजच्या तऱ्हा. सकाळी फोन येतो. पलीकडचा हिंदीत दरडावतो, 'मुंबई पोलीस बोल रहे हैं, तुमच्या आधार कार्डावर खातं उघडलंय, त्यात काळा पैसा आलाय.' मग व्हिडिओ कॉल. मागे पोलीस ठाण्याचा देखावा, अंगावर खाकी वर्दी. 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे. खोलीतून हलायचं नाही. घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही आत टाकू.' श्रोतेहो, आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कोणताही पोलीस, सीबीआयचा अधिकारी किंवा न्यायाधीश फोनवर अटक करत नाही आणि सुटकेसाठी खात्यात पैसे मागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मधून याबद्दल देशाला सावध करावं लागलं, एवढा हा प्रकार पसरला आहे.

दुसरी तऱ्हा मोबाइलवर येणाऱ्या फाइलची. 'पीएम किसानचा हप्ता अडकलाय', 'गाडीचं चलन निघालंय', 'आमच्याकडे लग्नाला या', असा व्हॉट्सअॅपवर मजकूर आणि खाली एक फाइल. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरं असतात. पत्रिका म्हणून ती उघडायला जावं, तर मोबाइलमध्ये एक अॅप बसतं. मग तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी तुमच्याआधी भामटा वाचतो. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून फाइल आली तरी उघडू नका, कारण त्याचा मोबाइल आधीच भामट्याच्या हाती गेलेला असू शकतो.

तिसरी तऱ्हा अंगठ्याची. श्रावणबाळ योजनेचे किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला आपली माणसं गावातल्या सेवा केंद्रावर जातात. आधारवरून अंगठा लावून एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. सोय चांगली आहे, बहुतेक केंद्रचालकही प्रामाणिक आहेत. पण उभा जन्म निंदणी-वेचणीत गेलेल्या हाताच्या रेषा झिजतात, अंगठा पहिल्या खेपेला लागत नाही, आणि याचाच कुणी फायदा घेतो. 'आजी, लागला नाही, परत लावा.' प्रत्यक्षात पहिल्यांदाही लागलेला असतो. म्हणून अंगठा लावला की छापील पावती मागायची, निघालेली रक्कम आणि शिल्लक किती हे तिथंच मोठ्यानं वाचून घ्यायचं. अंगठा अजिबात वापरायचा नसेल, तर आधारच्या अॅपवरून तो बंद करून ठेवता येतो. हवा तेव्हा पुन्हा सुरू करता येतो.

आणि जुन्या तऱ्हा काही गेलेल्या नाहीत. दुपारी गडीमाणसं शेतात गेली की दोन तरुण 'दागिने उजळून देतो' म्हणत येतात. पोत चकाकते खरी, पण त्यांच्या द्रावणात सोनं विरघळून वजन घटलेलं असतं. बाजाराच्या दिवशी रस्त्यात साध्या कपड्यातला 'पोलीस' आजीला अडवतो, 'पुढे दंगा झालाय, अंगावरचं काढून रुमालात बांधा' म्हणतो, बांधायला मदतही करतो. घरी येऊन गाठ सोडावी तर आत खडे. एटीएमवर कार्ड बदलणारा मदतनीस तर प्रत्येक तालुक्याच्या गावाला ठाऊक आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. भामट्याला तुम्ही एकटे हवे असता. तो घाई करतो, आणि 'कुणाला सांगू नका' म्हणतो. भीती दाखवो वा लोभ, त्याचं सगळं कसब तुम्हाला दुसऱ्या माणसापासून तोडण्यात आहे. बीएचआरची पावती मातीमोल विकणारा ठेवीदारही एकटाच पडला होता. दहा जणांनी मिळून विचारलं असतं, तर कदाचित पावती तशी गेली नसती.

म्हणून उपायही तसाच साधा आहे. पैशाचा फोन आला, कुणी पिन, ओटीपी किंवा अंगठा मागितला, की आप्पा, नाना, जिभाऊ, माय, तुम्ही एकच वाक्य म्हणायचं: 'पोऱ्याले इचारीसन सांगसू.' आणि फोन ठेवायचा. पोरगा पुण्याला असो की सुरतेला, त्याला फोन करा. तो भेटला नाही तर शेजारच्या मास्तरांना विचारा, पोस्टात विचारा, बँकेत जा. खऱ्या बँकेचं काम तासाभराच्या उशिरानं बिघडत नाही. बिघडतं ते फक्त भामट्याचं. आणि एक लक्षात असू द्या, पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपले जातात.

एवढं करूनही फसवणूक झाली, तर पहिल्या तासाला फार मोल आहे. भामट्याचा पैसा आधी कुणाच्या तरी भाड्याच्या खात्यात जातो आणि तिथून तुकड्या-तुकड्यांनी पांगतो. तो पांगायच्या आत अडवायचा असतो. त्यासाठी १९३० हा नंबर आहे, देशभर एकच. खाते कोणत्या बँकेत, किती रक्कम गेली, किती वाजता गेली, संदेशातला व्यवहार क्रमांक कोणता, एवढं हाताशी ठेवून फोन करा. लगोलग बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, त्यांचा भार बँकेवर येतो. म्हणून गप्प बसण्यात तुमचंच नुकसान. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणी आहेत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी १४५६७ हा क्रमांकही लिहून ठेवावा. सकाळी आठ ते रात्री आठ तिथे आपलं म्हणणं ऐकून घेतात, मार्ग सांगतात.

मघाशी भाड्याच्या खात्याचा उल्लेख केला. तेही गावातूनच मिळतं. 'बाबा, तुमच्या नावानं खातं काढू, दोन हजार घ्या, कार्ड आमच्याकडे राहील,' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. त्या खात्यात दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याचे लुबाडलेले पैसे येतात आणि पोलिसांची नोटीस तुमच्या दारी.

आता दोन शब्द मुलाबाळांना. वडिलांचे पैसे गेले की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, 'तुम्हाला अक्कल नाही का?' हे वाक्य ऐकायचं नाही म्हणूनच ते दोन दिवस काही बोलत नाहीत, आणि त्या दोन दिवसांत पैसा कायमचा जातो. डॉक्टर, इंजिनिअर, निवृत्त अधिकारीही या जाळ्यात सापडतात. तुमच्या आईनं लाज वाटून घ्यावी असं काही नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांना सारे भाऊबंद गावी जमतात, आखाजीला लेकी माहेरी येतात. तेव्हा तासभर काढा. आईवडिलांच्या ठेवी कुठे आहेत, वारसाचं नाव लावलं आहे का, मोबाइलमध्ये नको ती अॅप आहेत का, हे बघा. १९३० हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि त्यांना आवर्जून सांगा, 'काहीही झालं तरी आधी आम्हाला फोन करा, आम्ही रागावणार नाही.' मग त्या शब्दाला जागा.