स्थळ, वातावरण आणि संघर्ष



त्रिपुरासुराशी युद्ध करण्यापूर्वी शंकराने जेथे गणेशाचे आराधन केले अशी श्रद्धा आहे, त्या महागणपतीच्या रांजणगावात साहित्य संमेलनाच्या स्वागतसमितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

स्थळाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयीच थोडे बोलतो. कादंबरीतील स्थळ म्हणजे पात्रांच्या मागे टांगलेला नाटकाचा पडदा, ही समजूत आपल्याकडे पुष्कळ काळ नांदली. परंतु १९५५ साली प्रसिद्ध झालेली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्याने मनापासून वाचली, त्याच्यापाशी ही समजूत टिकणे शक्य नाही. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा जमवितो, तालीम उभी करवितो, आणि पुढे पाऊसच दगा देतो तेव्हा माणसे जगायला बाहेर पडतात व शाळा ओस पडते. येथे कोणी खलपुरुष नाही. माणदेशची कोरडी भूमी आणि तिच्यावर जीव जडवून राहिलेली माणसे यांच्यातील विरोध हाच संघर्ष. आणि वातावरण? लेखक शोकाचा उच्चारही करीत नाही. माळ, मेंढरे आणि रिते आकाश एवढेच तो संथपणे दाखवीत जातो, आणि विषण्णता वाचकाच्या मनात आपोआप भरून येते. माझ्या मते मराठी गद्याचे हे फार मोठे सामर्थ्य आहे.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) तर स्थळ म्हणजे युरोपातून निघालेली एक बोट. मायदेशी परतणारा नायक चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली हर्टा यांच्या प्रीतीची मुदत मुंबई बंदराने आधीच ठरवून टाकलेली असते.

रांजणगाव ज्यात येते तो आमचा शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. घोड आणि भीमा या नद्या, कालव्याने हिरवी झालेली शिवारे, त्यांना लागून जिराईत माळ आणि त्याच माळावर उभी राहिलेली औद्योगिक वसाहत, असे हे स्थळ आहे. एकाच घरात थोरला भाऊ भूसंपादनाच्या मोबदल्याचे कागद आणि सातबाऱ्याचा उतारा पुढ्यात घेऊन बसतो, आणि धाकटा कारखान्यातील रात्रपाळी संपवून परततो. दोघांच्या अबोल्यात एका कादंबरीचा ऐवज आहे. कथाविषयक परिसंवादातील वक्त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, आमच्या तरुण लेखकांशी बोलताना त्यांनी या मुलखाचा विचार अवश्य करावा, आणि त्या तरुणांची हस्तलिखिते येथेच, सवडीने, नजरेखालून घालावीत.