पडदा पडल्यावर आलेला प्रेक्षक



एका होमिओपॅथने उठून अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या व्यावसायिक कुस्तीवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. तीही नुरा कुस्ती, म्हणजे कोण चीत होणार हे आधीच ठरलेली. बेळगाव-कोल्हापूरच्या लाल मातीशेजारी वाढलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा येतो. तरी थोडा वेळ माझ्याबरोबर या. गुणी माणसाची ओळख तो गेल्यावर होणं आपल्या घरांत काही नवं नाही. बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलेले इथे कितीजण असतील? आपल्याला ते मिळाले तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतून आणि वडीलधाऱ्यांच्या सुस्काऱ्यांतून.

या कुस्तीचे चेहरे मी आधी पाहिले ते पत्त्यांवर. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली आणि पोरं ट्रम्प कार्ड खेळू लागली. माझ्या दवाखान्यात ताप उतरायची वाट पाहणारी मुलंसुद्धा बाकावर बसून उंची, वजन, छाती, दंड असे आकडे एकमेकांवर लावायची. प्रत्यक्ष लढती मी पाहिल्या त्या २०२० च्या टाळेबंदीत, संध्याकाळी रुग्ण नसताना, इंटरनेटवर. तोपर्यंत त्या पत्त्यांवरचे कितीतरी पैलवान गेले होते. ज्या कंपन्यांसाठी ते लढले त्याही गेल्या होत्या.

या कंपन्यांचं जुनं चित्र तुम्हांला सहज समजेल. आपल्या नाटक मंडळ्यांसारखीच ती रीत होती. मेम्फिसची कंपनी वेगळी, पोर्टलंडची वेगळी, कॅनडातल्या कॅलगरीला स्टू हार्ट यांची स्टॅम्पीड रेसलिंग वेगळी. प्रत्येकीचा मुलूख ठरलेला, दुसरीच्या मुलखात तंबू ठोकायचा नाही. १९८० च्या दशकात विन्स मॅकमॅन यांच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने देशभरच्या केबलच्या जोरावर ही वेस ओलांडली आणि एकेक कंपनी मिटली. टक्कर द्यायला अखेर उरली ती अटलांटाची वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग. टेड टर्नर यांनी १९८८ मध्ये ती विकत घेतली होती. तिचा 'नायट्रो' हा सोमवारचा कार्यक्रम ४ सप्टेंबर १९९५ ला सुरू झाला आणि पुढे सलग ८३ आठवडे त्याने मॅकमॅनच्या कार्यक्रमापेक्षा जास्त प्रेक्षक मिळवले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत कंपनी संपली. टर्नरची वाहिनी मोठ्या विलीनीकरणात गेली, नव्या साहेबांना कुस्ती नको होती, आणि मार्च २००१ मध्ये मॅकमॅननेच नाव आणि चित्रफिती विकत घेतल्या. २६ मार्चला फ्लोरिडात शेवटचा 'नायट्रो' झाला. शेवटची लढत स्टिंग आणि रिक फ्लेअर यांची. पहिल्या 'नायट्रो'तही हे दोघे एकमेकांशी लढले होते.

यातली चित्रफितींची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हरलेल्याचं दप्तर जिंकलेल्याच्या कपाटात गेलं. आज आपण ती कंपनी पाहतो ती विजेत्याने लावलेल्या क्रमाने, त्याच्या माहितीपटांतल्या निवेदनासह. हरलेले कसे मूर्ख होते, हे त्यात फार छान सांगितलेलं असतं. सीमाभागातल्या माणसाला अशा इतिहासलेखनाची वेगळी ओळख करून द्यायला नको. म्हणून माझा सल्ला असा, की माहितीपट बाजूला ठेवा आणि अख्खी लढत पाहा. लढतीत कोणी मध्ये बोलून अर्थ सांगत नाही. समालोचक बोलतात, पण त्यांचा आवाज बंद करता येतो.

कुठली लढत म्हणाल, तर २६ ऑक्टोबर १९९७, लास वेगास, एडी गुरेरो विरुद्ध रे मिस्टेरिओ. मिस्टेरिओ अंगाने लहान, मेक्सिकोच्या परंपरेतला मुखवटाधारी. त्या रात्री तो अंगभर जांभळ्या पोशाखात आला, आणि इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या आपल्या पिढीने तो पोशाख लगेच ओळखावा. हुबेहूब आपला वेताळ! पैज अशी, की गुरेरो हरला तर त्याचा किताब जाणार आणि मिस्टेरिओ हरला तर त्याचा मुखवटा उतरणार. मेक्सिकोत मुखवटा गमावणं म्हणजे नाव गमावणं. गुरेरोला हे कुणी शिकवायला नको होतं, कारण त्याचे वडील गोरी गुरेरो हे प्रख्यात मुखवटाधारी एल सांतोचे जोडीदार होते. एडी त्या रात्री खलनायक झाला आहे. तो मुखवटा ओरबाडतो, फाडतो, प्रेक्षकांकडे बघून हसतो. शेवटी वरच्या दोरावरून तो मिस्टेरिओला उचलून आपटायला जातो, आणि मिस्टेरिओ हवेतच पायांची कात्री घालून त्यालाच खाली आणतो आणि चीत करतो. मी ती लढत तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा फक्त गुरेरोकडे पाहिलं. मिस्टेरिओची प्रत्येक उडी सुरक्षित उतरते, कारण खाली गुरेरो बरोबर जागेवर उभा असतो.

मग मी त्याची माहिती काढली. हा माणूस दारू आणि औषधांच्या व्यसनात पार बुडाला, त्यातून बाहेर आला, फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रॉक लेस्नरला हरवून सर्वोच्च किताब जिंकला, आणि १३ नोव्हेंबर २००५ ला मिनिआपोलिसच्या हॉटेलात हृदयविकाराने गेला. वय ३८.

आम्हा डॉक्टरांची सवय अशी, की रुग्ण समोर असतो आणि आम्ही त्याच्याकडून मागचं विचारत जातो. इथे उलट होतं. शेवट आधी कळलेला, आणि समोर माणूस तरुण, धडधाकट, घामाने चमकणारा. त्याचं फुगलेलं शरीर बघताना मी प्रेक्षक राहत नाही, दंडाआधी मानेच्या शिरा बघतो. तुम्ही डॉक्टर नसाल तर तुम्हांला ही सोय आहे, की आधी लढत पाहून मग तारीख शोधावी. हा क्रम मोडू नका.

आता 'नुरा' या शब्दाविषयी. निकाल ठरलेला असतो, पण पडणं खरं असतं. रिंगणाखाली पोलादी चौकट, वर लाकडी फळ्या, त्यावर पातळ गादी. वर्षातून शेकडो रात्री त्यावर पाठीने पडायचं. मी जैन घरातला. आमच्याकडे द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद करतात. प्रत्यक्ष इजा एक, इजा करण्याचा भाव दुसरा. आपल्याला सांगितलं जातं की भाव जपा. या कुस्तीत मला विचित्र गोष्ट दिसली. चेहऱ्यावर क्रोध आहे, तो खोटा. मनात समोरच्याला सांभाळण्याचा भाव आहे, तो खरा. आणि तरीही शरीर मोडतं. द्वेष कुणाचाच नसताना झालेल्या या इजेचा वाटा कोणाकडे जातो? माझ्या मते तिकीट घेणाऱ्याकडे आणि तिकीट विकणाऱ्याकडे. विकणाऱ्याकडे अधिक.

जपानचे मित्सुहारू मिसावा बघा. १ मार्च २००३ ला टोकियोच्या बुदोकानमध्ये त्यांनी केंता कोबाशीला प्रवेशमार्गाच्या फलाटावरून मागच्या मागे खाली जमिनीवर फेकलं. कोबाशी उठला आणि शेवटी जिंकला. आमच्या शास्त्रात मान याला म्हणत नाहीत, असं मी पडद्याला सांगितलं! मिसावांनी स्वतः काढलेली 'नोआ' ही कंपनी होती, तिचे ते प्रमुख होते, म्हणून मान दुखत असतानाही लढत राहिले. १३ जून २००९ ला हिरोशिमात एका नेहमीच्या डावात ते मानेवर पडले आणि उठले नाहीत. ४७ वं वर्ष पुरं व्हायला पाच दिवस होते. समोरच्या पैलवानाने काही चुकीचं केलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या पडण्याचा हिशोब त्या एका पडण्यावर आला.

ओवेन हार्टचा मृत्यू मात्र कुस्तीने झालेला नाही. कॅलगरीच्या स्टू हार्टचा हा धाकटा मुलगा. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत त्याला नाटकी प्रवेशासाठी छतावरून दोरीने सोडायचं होतं. दोरीची कडी आधीच सुटली आणि तो ७८ फुटांवरून पडला. वय ३४. त्याला इस्पितळात नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला. याला मी अपघात एवढंच म्हणून थांबू शकत नाही. त्याला विसरायचं नसेल तर २० मार्च १९९४ ची न्यूयॉर्कची लढत पाहा, थोरला भाऊ ब्रेट विरुद्ध ओवेन. धाकट्याचा सगळा मत्सर, सगळी मोठं होण्याची घाई त्यात आहे. आणि तो जिंकतो, अगदी स्वच्छ. हिरोशिमाच्या आणि कॅन्सस सिटीच्या रात्रीचं चित्रण मी शोधलं नाही. माणसाचं काम पाहावं, त्याचं मरण पाहायला आपला हक्क नाही.

उशिरा येण्याचा एक फायदाही आहे. जे अजून आहेत त्यांच्याकडे लक्ष जातं. तो स्टिंग, ज्याने २००१ मध्ये आपल्या कंपनीची शेवटची लढत केली, तो अजून लढत होता. त्याची अखेरची लढत ३ मार्च २०२४ ला ग्रीन्सबरोत झाली. त्याच सभागृहात १९८८ मध्ये तो फ्लेअरशी ४५ मिनिटं लढून बरोबरीत सुटला होता आणि लोकांच्या नजरेत भरला होता. आता वय ६४, जवळपास माझ्याएवढं. त्याचे दोन मुलगे बापाच्या जुन्या वेशांत रंगून आले होते. फ्लेअरही हजर होता. ही लढत मी आपल्याकडच्या सोमवारी सकाळी, दवाखाना उघडण्याआधी पाहिली. स्टिंग काचेच्या तावदानावर आपटला, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग तो उठला, प्रतिस्पर्ध्याचे पाय आपल्या पायांत अडकवले, आणि समोरच्याने गादीवर हात आपटून हार मानली.