जुना सर्व्हर, नवा सर्व्हर आणि आपली अक्षरे



सभासदांची यादी, ग्रंथालयाची सूची, जुन्या अंकांचा मजकूर हे सारे आज आपल्या संस्थांच्या संगणकांवर आहे. यंत्र जुने झाले, की ते नव्या सर्व्हरवर न्यावेच लागते. फाइली उतरवून घेतल्या म्हणजे काम संपले, असा समज असतो. तो अपुरा आहे.

माझ्या केसपेपरवर ‘३०’ लिहिले असेल, तर ती औषधाची पोटेन्सी असते. कोणत्या रकान्यात लिहिले हे हरवले, की तो नुसता आकडा उरतो. वय म्हणा, नाहीतर गोळ्या. माहितीबरोबर ती वाचण्याचे नियमही हलवावे लागतात. संगणकाच्या भाषेत यांनाच सेटिंग म्हणतात.

मराठीत हा धोका अधिक आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी त्यानंतर कित्येक वर्षे आपण श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकत राहिलो. त्या फाइलींत प्रत्यक्षात इतर चिन्हांचे क्रमांक असतात. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो मागे राहिला, तर नक्कल बिनचूक होते आणि मजकूर मात्र वाचता येत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

वर्णक्रमाचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत ‘ल’नंतर. मराठी क्रमाची सेटिंग केली नाही, तर सूचीत ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी जाऊन बसतात. तारखेचा क्रम बदलला, तर ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे कोणी सांगावे?

आपल्या पूर्वजांना हे काम नवे नव्हते. मूडबिद्रीच्या भांडारातील षट्खंडागमाच्या ताडपत्री जुन्या कन्नड लिपीत होत्या. त्यांच्या नागरी नकला झाल्या आणि १९३९ पासून हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ग्रंथ छापून येऊ लागला. नागरी नक्कल हाती आली म्हणून मूळ ताडपत्री कोणी टाकून दिल्या नाहीत.

आपणही तेच करावे. जुन्या यंत्राची पूर्ण प्रत दोन ठिकाणी ठेवावी. दोन्हीकडील नोंदींची संख्या जुळवावी. मग मराठी वाचणाऱ्या माणसाने शंभरेक नोंदी डोळ्यांनी तपासाव्यात. विशेषतः ळ, ज्ञ, श्र आणि ‘ऱ्या’ असलेली नावे. कोणाला काय पाहण्याचा, बदलण्याचा अधिकार आहे, तेही पाहावे. हे सारे होईपर्यंत जुने यंत्र बंद करू नये, विकू तर मुळीच नये.

तंत्रज्ञ आपले काम चोख करील. पण ‘काळे’ आणि ‘काले’ यांतला फरक त्याला दिसेलच असे नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या नोंदींना दुसरा वाली नाही. ती तपासणी आपलीच आहे.