परदेशगमन आणि परवानगीचा कागद

(न्यासाच्या महोत्सवी व्याख्यानमालेत, बडोदे येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मयावर, बडोद्याच्या मराठी नाट्यपरंपरेवर आणि मधुमेहावर भाषणे झाली. माझा विषय इतका उदात्त नाही. परदेशी जाण्यापूर्वी जी परवानगी संगणकावरून मागावी लागते, जिला इंग्रजीत इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथोरायझेशन किंवा थोडक्यात ‘ईटीए’ म्हणतात, तिच्याविषयी बोलावे अशी कार्यवाहांची सूचना आली. येत्या नाताळच्या सुटीत आपल्यापैकी बरीच मंडळी केनियास जाणार आहेत; शिवाय ज्यांचा मुलगा, मुलगी किंवा निदान पुतण्या समुद्रापलीकडे नाही असे घर या सभागृहात आज शोधावे लागेल. तेव्हा विषय रुक्ष असला तरी परका नाही.

आपल्यातील वयस्क मंडळींना आठवत असेल की एके काळी खरी अडचण जाण्याच्या देशाची नव्हे, आपल्याच देशाची असे. पासपोर्ट द्यावा की न द्यावा हे सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. त्यापुढे परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ असे. तो मिळाला की मंडळी पेढे वाटत. आता ते दार मोकळे झाले आहे. पासपोर्ट पूर्वीच्या मानाने लवकर येतो, तिकीट घरबसल्या निघते, आणि म्हणूनच मधल्या एका कागदाचा विसर पडतो.

हा कागद म्हणजे व्हिसा नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. व्हिसासाठी वकिलातीचे किंवा तिने नेमलेल्या केंद्राचे दार ठोठवावे लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात, कधी मुलाखतही होते. ज्या देशांतील लोकांना व्हिसाची सक्ती नको, पण कोण येत आहे हे मात्र आधी कळले पाहिजे, असे एखाद्या राष्ट्राला वाटते, ते राष्ट्र ईटीएची पद्धत ठेवते. ऑस्ट्रेलियाने ती १९९६ साली सुरू केली. अमेरिकेने आपल्या प्रकाराची सक्ती १२ जानेवारी २००९ पासून केली, कॅनडा २०१६ मध्ये आला, न्यूझीलंड २०१९ मध्ये, आणि इंग्लंडने २०२३ च्या अखेरीस आखाती देशांपासून आरंभ केला. आपले सरकारही यात मागे नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात परदेशी पाहुण्यांसाठी जी योजना निघाली, तिच्या नावातच हे तीन शब्द होते. पुढे तिलाच ई-व्हिसा म्हणू लागले.

आता गंमत अशी, की अमेरिका, इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या ज्या चार देशांत आपली मुले अधिक, त्या चारही देशांची ही सवलत भारतीय पासपोर्टाला लागू नाही. आपल्याला तेथे व्हिसाच लागतो. ‘लंडनला आता ऑनलाइन परवानगी मिळते’ असे कोणी लग्नात सांगितले तर ते खरे आहे, पण ते सांगणाऱ्याच्या अमेरिकन सुनेपुरते खरे आहे. तिच्यासारख्यांना ८ जानेवारी २०२५ पासून इंग्लंडची ईटीए लागते. तिचे शुल्क आधी १० पौंड होते, ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये १६ झाले.

एका घरातल्या घरात हा भेद कसा पडतो ते पाहा. मुलगा भारतीय पासपोर्टावर आणि हाती अमेरिकेचे ग्रीन कार्ड. सून अमेरिकन नागरिक. नातू तेथेच जन्मलेला. तिघे कॅनडात नायगारा पाहावयास निघाले, तर कोणालाच ईटीए नको. सून व नातू अमेरिकन म्हणून सुटतात. मुलगा ग्रीन कार्डामुळे सुटतो, आणि तोही एप्रिल २०२२ पासून, त्यापूर्वी त्याला ती काढावी लागे. तेच तिघे लंडनला मावशीकडे निघाले, तर सुनेला व नातवाला ईटीए आणि मुलाला व्हिसा. आणि तेच तिघे आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला बडोद्यास येऊ लागले, तर मुलाला काहीच नको, सुनेचे ओसीआय कार्ड असेल तर तिलाही नको, पण चार महिन्यांच्या नातवाचे ओसीआय अजून झालेले नसेल तर त्या तान्ह्या बाळाला भारताचा ई-व्हिसा लागतो. बाळ आईच्या कडेवर बसून येते, कायद्यात मात्र ते स्वतंत्र प्रवासी असते. ही गोष्ट आजी-आजोबांनी फोनवर आठवणीने विचारावी. मंडप, केटरर आणि गुरुजी ठरतात, आणि पाळण्यातल्याचा अर्ज राहून जातो.

केनियाची गोष्ट निराळी. तेथे ईटीए आपल्यालाच लागते. केनियाच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की १ जानेवारी २०२४ पासून आमच्या देशाला कोणाही परदेशी माणसाला व्हिसा लागणार नाही. वृत्तपत्रांत ‘केनिया व्हिसामुक्त’ असे मथळे आले. व्हिसा गेला हे खरेच, पण त्याच्या जागी ईटीए आली, आणि तिचे शुल्क आरंभी ३० डॉलर ठेवले गेले. शुल्काचे आकडे वरचेवर बदलतात, म्हणून भरावयाच्या दिवशी केनिया सरकारच्या संकेतस्थळावर जे दिसेल तेच खरे मानावे.

गुजरातेतून पूर्व आफ्रिकेत माणसे गेली ती आजची नव्हेत. मोंबासापासून आत रेल्वे घातली गेली ती १८९६ ते १९०१ या काळात, आणि तिच्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर गेले. व्यापारी तर त्याही आधीपासून होते. बडोद्यातील कित्येक घरांना नैरोबी ही पुण्यापेक्षा जवळची वाटते. पण ओळखदेख असली म्हणून परवानगी सुटत नाही.

अर्जात काय मागतात? आल्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला आणि कोरे पान असलेला पासपोर्ट, चेहऱ्याचे छायाचित्र, जाण्यायेण्याच्या विमानांचा तपशील, उतरण्याच्या जागेचे आरक्षण, आणि पैसे भरण्यासाठी कार्ड. हॉटेलऐवजी नातलगांकडे उतरणार असाल तर यजमानाचे पत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत आधी मागवून ठेवावी. प्रत्येक माणसाचा अर्ज वेगळा, मुलांचाही. निकालाला साधारण तीन दिवस धरतात. मी म्हणेन, आपण तीन आठवडे धरावेत. आणि ज्यांना तेथूनच सेरेंगेटी किंवा झांझीबार पाहावयाचे आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तो टांझानिया. रानातील विल्डबीस्टचे कळप सीमा न विचारता इकडून तिकडे जातात, आपल्याला मात्र त्या देशाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

आता मुख्य मुद्दा सांगतो. ही परवानगी माणसाला मिळत नाही, ती पासपोर्टाच्या क्रमांकाला मिळते. आपल्या समाजातील एक आजी, नाव सांगत नाही, नैरोबीला मुलीच्या बाळंतपणासाठी जावयाच्या होत्या. ईटीए आली होती, छापून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून देवापुढे ठेवली होती. मध्यंतरी कोणीतरी सुचवले की पासपोर्टाची मुदत कमी उरली आहे, नवा करून घ्या. सल्ला योग्यच होता. नवा पासपोर्ट आला, त्याचा क्रमांक अर्थातच नवा. परवानगी जुन्या क्रमांकावर राहिली. मुंबईच्या विमानतळावर खिडकीवरच्या मुलीने संगणकात पाहिले आणि नम्रपणे सांगितले की आजींना विमानात घेता येणार नाही. कोणीच चुकले नव्हते. अर्ज भरणारा बरोबर, पासपोर्ट कार्यालय बरोबर, ती मुलगीही बरोबर. नवी परवानगी चौथ्या दिवशी आली, पण तोवर बारसे होऊन गेले होते. आजींनी ते फोनच्या पडद्यावर पाहिले.

त्या मुलीवर रागावण्यात अर्थ नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपली मंडळी विमानतळावर फार रागावतात. अपुऱ्या कागदांनिशी आलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते, वर दंडही होतो. म्हणून परक्या देशाचा पहिला उंबरठा नैरोबीत नसतो, तो मुंबई-अहमदाबादच्याच खिडकीवर असतो. तेथून सुटल्यावर दुसरा उंबरठा तिकडच्या अधिकाऱ्याचा. ईटीए हाती असली तरी आत घ्यावयाचे की नाही हे शेवटी तोच ठरवतो. कोठे उतरणार, किती दिवस, परतीचे तिकीट कोठे आहे, एवढे तो विचारील. उत्तर अर्जात लिहिले तेच द्यावे. ‘भाच्याने सगळे भरले आहे, मला ठाऊक नाही’ हे उत्तर आपल्याकडे चालते, तिकडे चालत नाही.

क्रमांकाप्रमाणेच नावाचे आहे. आपल्याकडे बाईच्या नावात नवऱ्याचे नाव, मुलाच्या नावात वडिलांचे नाव, कोठे आडनाव आधी तर कोठे शेवटी. पासपोर्टावर माहेरचे नाव, तिकिटावर सासरचे, आणि अर्जात नातवाला माहीत असलेले लाडके नाव, असा त्रिवेणी संगम मी डोळ्यांनी पाहिला आहे. यावर उपाय सोपा आहे. पासपोर्टाच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी यंत्रासाठी दोन ओळी छापलेल्या असतात, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या. यंत्र त्याच वाचते. वरच्या ओळीत आडनाव आधी आणि मग उरलेले नाव येते. त्याप्रमाणे अक्षरे जुळवून अर्जात व तिकिटात घालावीत. क्रमांक लिहिताना शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत फार होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या पासपोर्टाचा क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि पुढे सात आकडे. त्या सातांत जे वाटोळे दिसेल ते शून्यच. जन्मतारखेत दिवस आधी की महिना आधी, हेही प्रत्येक अर्जात तपासावे. ५ जूनचे ६ मे व्हावयास काही वेळ लागत नाही.

दलालांविषयी दोन शब्द. चांगले दलाल आहेत आणि त्यांनी आपली कामेही केली आहेत. पण ‘केनिया ईटीए’ असे शोधले की पहिली तीन-चार नावे बहुधा जाहिरातींची येतात. त्यांवर केनियाचा झेंडा असतो, सिंह असतो, आणि दुप्पट-तिप्पट शुल्क असते. केनिया सरकारच्या पत्त्याचा शेवट ‘गो डॉट केई’ असा होतो, इंग्लंडचा ‘गव्ह डॉट यूके’, आपल्या सरकारचा ‘गव्ह डॉट इन’. पत्त्याचे शेपूट पाहण्याची सवय लावावी. अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी ई-मेलचा पत्ता आपला किंवा आपल्या मुलाचा घालावा. उत्तर दलालाच्या पेटीत पडले आणि दलाल दिवाळीला गावी गेला, म्हणजे परवानगी असून नसल्यासारखी.

तिसरा उंबरठा परतीचा, आणि त्याचा विचार फारच थोडे लोक करतात. केनिया हा पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, प्रदेशात मोडतो. तेथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या माणसाजवळ लस टोचल्याचा दाखला नसेल, तर त्याला येथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवता येते. भारतीय असलो म्हणून सूट नाही. ही लस वाटेल त्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, आणि तेथे वेळ आधी घ्यावी लागते. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. २०१६ च्या जुलैपासून तो जन्मभर चालतो, म्हणून पूर्वी टोचून घेतलेल्यांनी जुनी पिवळी पुस्तिका शोधून काढावी. साठीच्या पुढील मंडळी, ज्यांना अंड्याचे वावडे आहे ते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली आहे ते, यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. डॉक्टरांनी ‘नको’ म्हटले तर माझे स्पष्ट मत असे की सहल बदलावी. सिंह गीरमध्येही आहेत.

जाता जाता: केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. चिवडा आणि बेसनाचे लाडू न्यावयाचे असतील तर डब्यांतून न्यावेत.

कार्यवाहांशी बोलून पुढील दोन रविवार सकाळी नऊपासून कार्यालयात अर्ज भरण्याची सोय केली आहे. आपल्या दोन तरुण सभासदांनी संगणकावर बसण्याचे मान्य केले आहे. ते अर्ज भरतील, पण बटण दाबण्यापूर्वी क्रमांक आणि नाव प्रत्येकाने स्वतः वाचावयाचे, चष्मा लावून. येताना मूळ पासपोर्ट, तिकिटाची प्रत, हॉटेलचे किंवा यजमानाचे पत्र आणि ज्या फोनवर बँकेचा संदेश येतो तो फोन एवढे आणावे. पासपोर्ट मात्र आमच्याकडे ठेवून जाऊ नये. कार्यालयाच्या कपाटाला कुलूप आहे, पण त्याची किल्ली गेल्या पावसाळ्यापासून सापडत नाही.