घोडेस्वाराच्या मनगटावरील ओळख

घोड्यावरून पडलेला माणूस बेशुद्ध दिसला म्हणजे भोंवतालच्या मंडळींचा तर्क एकाच दिशेनें धांवतो: डोक्याला मार लागला. बहुधा तो तर्क खराही असतो. परंतु कधीं कधीं माणूस पडल्यामुळें बेशुद्ध झालेला नसतो, तर शुद्ध हरपूं लागल्यामुळें पडलेला असतो. आणि हा भेद त्या वेळीं घोड्याखेरीज कोणासच ठाऊक नसतो.

माझ्या भाचीच्या बाबतींत असेंच घडलें. तिला अकराव्या वर्षीं मधुमेह जडला आणि तेव्हांपासून ती इन्सुलिन घेते. सतराव्या वर्षीं तिनें पुण्यांत घोडेस्वारी शिकावयास आरंभ केला. एके दिवशीं पहाटे सुई टोंचून, न्याहारी अर्धीच टाकून ती मैदानावर गेली, नेहमीपेक्षां दोन फेऱ्या अधिक दौडली, आणि वळणावर एखादें गांठोडें घसरावें तशी जिनावरून वाळूंत उतरली. शिक्षकांनीं जें करावयाचें तें अगदीं बरोबर केलें. शिरस्त्राण काढलें नाहीं, मान हलविली नाहीं, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविली. परंतु साखरेचा विचार कोणाच्याही मनांत आला नाहीं. येणार तरी कसा? तिनें आपला आजार तेथें कोणालाच सांगितला नव्हता. आणि वडिलांनीं हौसेनें करून दिलेलें ओळखीचें कडें घरीं कपाटांत होतें.

तिला वांचविलें तें मोतद्दारानें. रुग्णवाहिकेंतील डॉक्टर तिच्या बाहुल्या तपासूं लागले तेव्हां तो पुढें होऊन म्हणाला, "साहेब, ताई रोज पोटाला सुई टोंचतात. खिशांत साखरेच्या वड्या असतात, त्यांतली एक माझ्या घोड्याला देतात." डॉक्टरांनीं तत्काळ बोटांतून रक्ताचा थेंब घेतला. साखर फार खालीं गेली होती. शिरेंतून ग्लुकोज दिल्यावर कांहीं मिनिटांतच मुलीनें डोळे उघडले आणि घोडा कोठें आहे म्हणून विचारलें.

पुढें मीं तिला कड्याविषयीं विचारलें. ती म्हणाली, "मामा, आजारी मुलगी म्हणून एकदां छाप बसला कीं मला घोडा देणार नाहींत. आणि तें कडें पाहून जो तो कींव करतो." तिचें भय अगदींच निराधार होतें असें मी म्हणणार नाहीं. आपल्याकडे आजार म्हणजे घराची लाज, विशेषतः मुलीचा. तरीही घोडा ज्यांनीं द्यावयाचा त्यांना माहिती असण्याचा हक्क आहे, हें मीं तिला स्पष्ट सांगितलें. दोन दिवस ती माझ्याशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनें विचारलें, "मग कसलें घ्यावें?" त्या प्रश्नाच्या निमित्तानें जें पाहिलें, विचारलें, तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

ह्या कड्याच्या जन्माशीं घोड्याचा दूरचा संबंध आहे. १९५३ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील टर्लॉक गांवीं डॉ. मॅरिअन कॉलिन्स ह्यांच्या मुलीला जखम झाली आणि धनुर्वातावरील प्रतिविषाची भयंकर प्रतिक्रिया होऊन ती मरतां मरतां वांचली. तें प्रतिविष त्या काळीं घोड्याच्या रक्तरसापासून बनवीत. मुलगी घराबाहेर पडे तेव्हां आईबाप तिच्या कोटाला चिठ्ठी टांचून देत. पुढें चिठ्ठीच्या जागीं चांदीचें कडें आलें, आणि १९५६ सालीं त्या दांपत्यानें 'मेडिकअलर्ट' ही संस्था काढली. घोड्याच्या रक्तरसापासून केलेलीं औषधें आजही वापरांत आहेत. सर्पदंशावरील औषध त्यांपैकींच. ज्यांना त्याची बाधा झाली असेल त्यांनीं ती गोष्ट कड्यावर अवश्य कोरावी.

आतां स्वारांची अडचण निराळी. अंगठी नकोच. लगामांत किंवा कड्याकोयंड्यांत ती अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, प्रसंगीं बोटही जातें. गळ्यांतील सांखळी दुडक्या चालींत हनुवटीवर आपटत राहते आणि फांदींत अडकण्याची भीति असते. म्हणून मनगटच बरें. परंतु तेथेंही लोंबतें पदक किंवा जाड सांखळी नको, कारण आयाळींत हात घालतांना किंवा खोगीर आंवळतांना ती हटकून गुंतते. पट्टी सपाट, मनगटाच्या गोलाईला धरून असलेली, आणि खालीं एक बोट जाईल इतकीच सैल असावी. राहतां राहिला फांसा. दौडींत सुटणारा फांसा निरुपयोगी. परंतु कडें कोठें अडकून स्वार फरफटूं लागला तर हात तुटण्याआधीं फांसा तुटला पाहिजे. दागिन्यांचें दुकान ह्याचा विचार करीत नाहीं. तेथें आम्हांला अभिमानानें दाखविलें गेलें कीं ह्या सांखळीला बैल बांधला तरी तुटणार नाहीं! आम्ही ती परत ठेविली.

चांदी घामानें काळवंडते. बिनगंजाचें पोलाद बरें, मात्र ज्यांना निकलनें खाज सुटते त्यांनीं तें आधीं अंगाला लावून पाहावें. रबरी पट्ट्या स्वस्त आणि हलक्या, पण त्यांवर नुसतीं छापलेलीं अक्षरें घामानें व घासण्यानें पुसट होत जातात. अक्षर कोरलेलें हवें.

दागिन्यासारखीं दिसणारीं नाजुक कडीं मुलींना आवडतात, आणि आपल्या देशांत नेमकी तीच अडचण होते. येथें हात रिकामा क्वचितच असतो. बांगड्या, राखी, गंडा, शिखांचें कडें. ह्या गर्दींत आणखी एक सोनेरी पट्टी कोण उलटून पाहणार? सर्पवेष्टित दंडाचें चिन्ह लाल रंगांत स्पष्ट दिसलें पाहिजे. शिवाय घड्याळाच्या हातावर तें घालूं नये, आणि लांब हातमोज्याखालीं किंवा बाहीखालीं लपूं देऊं नये. अमेरिकेंतील अडथळ्यांच्या कांहीं स्पर्धांतून स्वारांना उडी मारतेवेळीं वैद्यकीय माहितीचें कार्ड पारदर्शक, पाणी न लागणाऱ्या पाकिटांत दंडावर कपड्यांच्या वरून बांधावें लागतें, किंवा त्याऐवजीं मनगटावर दिसेल असें कडें घालावें लागतें. दोन्ही घालण्यास कोणाची मनाई नाहीं.

कड्यावर काय लिहावें ह्याविषयीं आमच्या घरांत मोठाच वाद झाला. आजोबांचा आग्रह रक्तगटासाठीं. परंतु रक्त देण्यापूर्वीं रुग्णालय आपली तपासणी स्वतः करतेंच, कड्यावर विसंबत नाहीं. तेव्हां त्या तोकड्या जागेंत रक्तगट हा शोभेचाच. जी गोष्ट ठाऊक नसतां पहिल्या घटकेंत चुकीचा उपचार होईल, ती प्रथम लिहावी: इन्सुलिन, अपस्मार, पेनिसिलिनसारख्या औषधाची बाधा, दीर्घकाळ चाललेलीं स्टेरॉइडें. रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्या स्वारानें तर तीच ओळ सर्वांत वर ठेवावी, कारण डोक्याला लागलेला किरकोळ वाटणारा मारही त्याच्या बाबतींत आंत रक्तस्राव करूं शकतो. धनुर्वाताच्या लशीची तारीख बदलत असते, ती कार्डावर असावी. पागेच्या मातींत आणि लिदींत त्या रोगाचें बीज असतें, म्हणून ती विसरूं मात्र नये.

हल्लीं कड्यावर चौकोनी सांकेतिक चिन्ह कोरून सर्व इतिहास दूरध्वनियंत्रावर दाखविण्याची सोय निघाली आहे. ती जोडीला असावी. परंतु माथेरानच्या वाटेवर, जेथें खासगी मोटारींना बंदी आहे आणि पुष्कळ लोक घोड्यावरून जातात, तेथें यंत्राला संदेश मिळेलच असें नाहीं. कोरलेल्या अक्षराला असली अडचण नसते.

लिपीचा प्रश्न भाचीनेंच काढला. डॉक्टर इंग्रजी वाचतील, पण आधीं पोंचतो तो मोतद्दार. त्याला इंग्रजी येत नाहीं. म्हणून एका बाजूस इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूस देवनागरी असें ठरलें. देवनागरी कोरणारा कारागीर मिळण्यास तीन आठवडे लागले, आणि पहिल्या खेपेस त्यानें 'मधुमेह'मधील उकार गाळून ठेवले. तें कडें परत करावें लागलें.

आतां तिच्या उजव्या मनगटावर पोलादी पट्टी आहे. आंतल्या बाजूस आईचा क्रमांक. बाहेर लाल चिन्ह, नांव, आणि खालीं 'मधुमेह – इन्सुलिन घेते'. ह्याखालीं एक ओळ मोकळी होती. ती कशानें भरावयाची हें मोतद्दाराला विचारून तिनें ठरविलें: 'बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहीं घालूं नका.' त्याच्या हातून त्या दिवशीं साखरेची वडी तिच्या तोंडांत जातां जातां राहिली होती, असें तो तिला मागाहून म्हणाला.