गोचीड ताप म्हणजे नेमका कोणता?

आपल्या निमोण्यात काय किंवा साऱ्या शिरूर तालुक्यात काय, गोठ्यातलं शेण-पाणी आणि धार बहुतेक घरी बाईच्याच हाती. गाय तापली, रवंथ थांबला, की आपणच आधी म्हणतो, "गोचीड ताप दिसतोय."

हे नाव चुकीचं नाही. पण ते आजार कुणी आणला एवढंच सांगतं. गोचीड रक्त पिते, तेव्हा तिच्या तोंडातून गाईच्या रक्तात जंतू जातात. आणि हे जंतू मुख्यतः तीन तऱ्हेचे.

पहिला आजार थायलेरियोसिस. ताप खूप चढतो, खांद्यापुढची गाठ सुजते. संकरित गाईला याचा त्रास जास्त. दुसरा बबेसियोसिस. यात लघवी तांबडी, कॉफीसारखी होते. तिसरा अ‍ॅनाप्लाज्मोसिस. पापण्या आतून फिक्या पडतात, पुढे पिवळ्या दिसतात, शेण घट्ट होतं.

नावं अवघड वाटतात, पण त्यांची रीत सोपी आहे. जंतूचं नाव घ्यायचं आणि पुढे 'ओसिस' जोडायचं. थायलर आणि बाबेश हे दोन शास्त्रज्ञ. पहिल्या दोन जंतूंना त्यांचीच नावं दिली आहेत. पूर्वी कुणी 'ओसिस' लिहायचं, कुणी 'आसिस'. म्हणून 1988 साली जगातल्या तज्ज्ञांनी जनावरांच्या परोपजीवी आजारांसाठी 'ओसिस' हा एकच शेवट सुचवला. तरी एखाद्या कागदावर 'थायलेरियासिस' दिसलं तर गोंधळू नका. आजार तोच.

एवढं नावाचं का लावून धरायचं? कारण औषधं वेगळी आहेत. थायलेरियोसिसला बुपार्वाक्वोन देतात, बबेसियोसिसला डायमिनाझीन, अ‍ॅनाप्लाज्मोसिसला टेट्रासायक्लीन गटातलं औषध. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे जातात, मधले दिवस जातात आणि कधी गायही जाते. म्हणून शेजारणीच्या गाईला लागू पडलेलं इंजेक्शन आपल्याही गाईला द्या, असा हट्ट धरू नका.

डॉक्टर आले की आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगा. ताप कधीपासून, गाठ आहे का, लघवीचा रंग कसा, शेण कसं. आपण 'तांबडी लघवी' म्हणतो, तेच म्हणा. डॉक्टरांना त्यातूनच दिशा मिळते. मग विचारा, "इंजेक्शनाआधी रक्त तपासायचं का?" कानाच्या शिरेतला रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

तपासणीत निघालेलं नाव, तारीख आणि दिलेलं औषध दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर आले, तरी ते पान त्यांच्या उपयोगी पडेल. आणि आज संध्याकाळी धार काढताना कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली हात फिरवून गोचीड आहे का, तेवढं बघा.