संमतीपत्रावरील सही
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



‘पतीची सही कोठे घ्यावयाची?’ हा प्रश्न आमच्या कार्यालयात वारंवार विचारला जातो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

सक्ती शासनाची असो वा घरातील, निर्णय स्त्रीच्या हातून जातोच. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागे केवळ ८४२ मुली होत्या. गर्भलिंगनिदानावर १९८८ साली देशात प्रथम कायदा करणाऱ्या राज्यातील हा आकडा आहे.

म्हणून नम्रपणे सांगतो: आपल्या सोनोग्राफी कक्षात गर्भाचे लिंग कोणालाही सांगितले जाणार नाही. त्यासाठी देणगीदारांची वा विश्वस्तांची शिफारसही आणू नये. संमतीपत्रावर सही त्या भगिनीचीच राहील.